विज्ञानाचं पान वेगळं कशाला?

आपल्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये रोज चार पेपर येतात. दोन मराठी, एक इंग्रजी आणि चौथा असा की ज्याचं सकाळी नऊनंतर फक्त छोट्या जाहिरातींचं पान शिल्लक राहतं! हे पेपर नीट चाळले तर एक गंमत दिसते. पहिल्या पानावर राजकारण, दुसऱ्या-तिसऱ्यावर शहर, मधे कुठेतरी संस्कृती म्हणजे नाटक-सिनेमा-उत्सव, शेवटी क्रिकेट. आणि विज्ञान? ते आठवड्यातून एकदा, पुरवणीत, राशिभविष्याच्या शेजारी. तिथे कुठल्यातरी लांबच्या ग्रहावर पाणी असण्याची शक्यता वर्तवलेली असते. आपण "भारी!" म्हणतो आणि पान उलटतो.

आता पहिल्या पानावर काय असतं ते बघा. धरणात अमुक टीएमसी पाणी. तमुक क्युसेकने विसर्ग. सभेला लाखोंचा जनसागर. मिरवणुकीत दणदणाट. डेंग्यूचे पेशंट वाढले. हवा 'मध्यम'. मित्र-मैत्रिणींनो, मला सांगा, यात विज्ञान नाही अशी एक तरी बातमी आहे का? मग लांबच्या ग्रहावरचं पाणी विज्ञानाच्या पानावर आणि आपल्या बादलीतलं पाणी राजकारणाच्या पानावर, ही वाटणी कोणी केली?

माझं म्हणणं साधं आहे. विज्ञान पत्रकाराची खरी गरज पुरवणीत नाही, पहिल्या पानावर आहे. आणि तो पत्रकार होण्यासाठी प्रेसचं कार्ड लागत नाही. तीन प्रश्न लागतात. किती? कशाच्या तुलनेत? आणि मोजलं कोणी? हे तीन प्रश्न आपण लॅबमध्ये रोज विचारतो. रीडिंगमध्ये युनिट लिहिलं नाही तर सर जर्नल परत देतात. पण कॉलेजच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की आपण युनिट विसरतो. टपरीवर चहा घेताना "प्रचंड पाऊस", "तुफान गर्दी", "भयानक ट्रॅफिक" यावर आपलं भागतं.

हे काही नवीन खूळ नाही. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण'. त्याचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघाला, म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. वय तेव्हा विशीच्या आसपास, म्हणजे साधारण आपलंच! ते पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे, कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. डिफरन्शिअल कॅल्क्युलसवरचं 'शून्यलब्धि' नावाचं मराठी पुस्तक त्यांच्या नावावर आहे. (एम-वन ज्यांचा राहिलाय त्यांनी नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.) १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं, त्यात शास्त्रीय विषय असायचे. म्हणजे मराठीचा पहिला संपादक हा गणित आणि खगोल जाणणारा माणूस होता. समाज आणि शास्त्र अशी दोन खाती त्याच्या डोक्यात वेगळी नव्हती. ती आपण नंतर केली.

आता एकेक पान घेऊ.

पहिलं राजकारणाचं. सभा कोणाचीही असो, दुसऱ्या दिवशी 'लाखोंचा जनसागर' ठरलेला. आयोजक म्हणतात पाच लाख, विरोधक म्हणतात खुर्च्या रिकाम्या होत्या. खरं काय? अमेरिकेत हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची आंदोलनं चालायची आणि त्यांच्या ऑफिसच्या खिडकीतून ते पटांगण दिसायचं. पटांगणावर फरशांच्या चौकटी होत्या. जेकब्सनी एका चौकटीत किती माणसं मावतात ते मोजलं आणि चौकटींनी गुणलं. झाली पद्धत तयार! मोकळी गर्दी असेल तर एका माणसाला साधारण १० चौरस फूट, दाट असेल तर साडेचार चौरस फूट.

आता हे आपल्याकडे लावून बघू. दादरचं शिवाजी पार्क सुमारे २८ एकर आहे, म्हणजे साधारण १२ लाख चौरस फूट. अख्खं मैदान, अगदी स्टेज, खेळपट्ट्या, झाडं सगळं धरून, मोकळ्या गर्दीने भरलं तर सव्वा लाखाच्या आत माणसं होतात. दाट भरलं तर पावणेतीन लाखांच्या आत. तेव्हा तिथल्या मैदानावर पाच लाख माणसं बसली होती असं कोणी म्हणालं, मग तो कुठल्याही रंगाच्या झेंड्याखालचा असो, तर आपण शांतपणे विचारायचं, "एकमेकांच्या मांडीवर बसली होती का?" यात पक्ष येत नाही. गुणाकार येतो. आणि गुणाकाराची गंमत अशी की तो सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

दुसरं पान शहराचं. माझा जन्म २००५ चा, मुंबईच्या उपनगरातला. २६ जुलैच्या गोष्टी आमच्या घरात रामायणासारख्या सांगितल्या जातात. बाबा अंधेरीहून पहाटे चालत कसे आले, शेजारच्या काकूंनी वीस अनोळखी लोकांना घरात कसं घेतलं, वगैरे. त्या गोष्टी मला पाठ आहेत आणि त्या खऱ्याच आहेत. पण त्यातला आकडा बघा. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच २४ तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटरच्या आसपास! म्हणजे दक्षिण मुंबईत छत्री उघडावी असा पाऊस आणि उत्तरेला माणसं बुडत होती. 'मुंबईत सरासरी अमुक पाऊस' या वाक्याला त्या दिवशी काहीही अर्थ नव्हता. सरासरी काढणं सोपं असतं, पण सरासरीत कोणी राहत नाही. माणूस राहतो एकतर कुलाब्यात नाहीतर सांताक्रूझला.

पुढचा हिशोब आपल्या सिव्हिलच्या मंडळींसाठी. ९४४ मिलिमीटर म्हणजे एका चौरस किलोमीटरवर ९४ कोटी लिटरहून जास्त पाणी. मुंबईची जुनी पर्जन्य गटारं तासाला साधारण २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. २४ तासांनी सरळ भागलं तरी तासाला ३९ येतात, आणि तो पाऊस काही सारखा पडला नव्हता, बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. वर समुद्राला भरती. गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला हवी असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्येच तयार होता. म्हणजे पुरापूर्वी बारा वर्षं!

पुरानंतर आपल्याला काय आठवतं? प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशव्यांनी गटारं तुंबतात हे खरंच आहे, त्यांच्यावर बंदी यायलाच हवी होती. पण गटारं आरशासारखी स्वच्छ असती तरी त्या दिवशी पाणी मावलं नसतं, हे सांगायला कोणी भागाकार केला का? पिशवीचा दोष सांगणं सोपं, कारण पिशवी आपण सगळे वापरतो, म्हणजे दोष सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. १९९३ च्या अहवालाचं काय झालं हा प्रश्न अवघड, कारण त्याला विशिष्ट खुर्च्या आणि विशिष्ट तारखा आहेत. विज्ञान पत्रकाराचं काम इथे आहे. पाऊस का पडला एवढंच सांगून त्याचं काम संपत नाही. जे पाणी साचलं त्यातलं निसर्गाचं किती आणि फायलीचं किती, हे वेगळं करून दाखवायचं. त्या पुरात शेकडो माणसं गेली. पाणी ओसरल्यावर लेप्टोने आणखी काही गेली. त्यांच्यासाठी हा भागाकार म्हणजे पंधरा मार्कांचा प्रश्न नव्हता.

पाण्यावरूनच आणखी एक. धरणाच्या बातम्यांत 'टीएमसी' हा शब्द येतो. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. छान. मग? दिवसाला माणशी १३५ लिटर हा आपल्या शहरांसाठीचा नेहमीचा हिशोब धरला तर एक टीएमसीत साधारण पावणेसहा लाख माणसांचं वर्षभराचं पाणी भागतं. (गळती न धरता. ती धरली की किती उरतं ते प्रत्येक शहराने स्वतःला विचारावं!) हे एक वाक्य बातमीत असेल तर 'धरणात दोन टीएमसी कमी' म्हणजे किती घरांच्या बादल्या रिकाम्या, हे माझ्या आजीलाही कळेल. नसेल तर टीएमसी हा शब्द मंत्रासारखा आपल्या कानावरून जातो. मंत्र आपण नुसता ऐकतो, त्यावर प्रश्न विचारत नाही. इथेच तर गडबड होते.

तिसरं पान संस्कृतीचं. इथे जरा जपून लिहिते, कारण हात लावला की भाजतं. मी ढोल-ताशा पथकात दोन वर्षं वादन केलंय. ढोलाचा पहिला ठोका पडला की छातीत काय होतं ते मला कोणी शिकवू नये! पण दोन वर्षं कानात बोळे घालूनच वादन केलं, आणि आमच्या पथकप्रमुख दादांनीच ते सक्तीचं केलं होतं. आवाज मोजणं म्हणजे उत्सवाला विरोध करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यातलं उदाहरण बघावं. तिथल्या सीओईपीचे विद्यार्थी वीसहून जास्त वर्षं गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत मीटर घेऊन उभे राहतात. बेलबाग चौकापासून खंडुजीबाबा चौकापर्यंत, दिवसा-रात्री ठरलेल्या वेळांना नोंदी घेतात. इंजिनिअरिंगचेच विद्यार्थी ते, आपल्यासारखेच. त्यांनाही सबमिशन असतं! २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांच्या नोंदींची सरासरी शंभर डेसिबलच्या वर गेली होती.

शंभर म्हणजे किती? आपल्या देशातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सामान्य माणसाला वाटतं, ५५ च्या जागी १००, म्हणजे दुपटीहून थोडं कमीच. पण डेसिबल ही लॉगॅरिदमिक पट्टी आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ५५ वरून १०० वर गेलो की तीव्रता तीस हजार पटींपेक्षा जास्त वाढते. हे आपण फर्स्ट इयरला शिकलोय. पण रस्त्यावर ताटकळणाऱ्या आजोबांना, पाळण्यातल्या बाळाला आणि मिरवणुकीच्या बाजूच्या दवाखान्यातल्या पेशंटला ते कोणी सांगितलंय? त्यांना एवढंच सांगितलं जातं, "वर्षातून एकदाच तर असतं, सहन करा."

सीओईपीच्या त्या मुलांनी कोणाचा गणपती अडवला नाही, कुठलं मंडळ बंद पाडलं नाही. त्यांनी फक्त आकडा टेबलावर ठेवला. त्यानंतर वाद करायचा तर 'तुम्हाला धर्माचं वावडं आहे' असा करता येत नाही. आकड्यावर करावा लागतो. ढोलाचा की स्पीकरच्या भिंतीचा? कुठल्या चौकात? किती वाजता? अशा वादातून काहीतरी निघू शकतं. वर्षानुवर्षं जपलेली ती वही म्हणजे माझ्या मते उत्तम पत्रकारिता आहे.

आता घरच्या पानावर येऊ. म्हणजे आपल्या हॉस्टेलवर.

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू झाला हे सगळ्यांना माहीत आहे. माझी रूममेट आठ दिवस अॅडमिट होती. तिची आई लातूरहून रात्रीच्या गाडीने आली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून राहिली. रोज संध्याकाळी प्लेटलेट्सचा रिपोर्ट यायचा आणि आम्ही सगळ्या त्या एका आकड्याकडे टक लावून बघायचो. कधी नव्हे ते 'किती?' हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. ती बरी झाली, पण दोन पेपर गेले. मग एके संध्याकाळी धुराचं मशीन आलं. मोठा आवाज, पांढरा धूर, पुढे एक स्थानिक नेते, मागे फोटोग्राफर. दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी: 'डासांविरुद्ध मोहीम'. आपण ग्रुपवर अंगठे दिले आणि विषय संपला.

विज्ञान पत्रकाराने ही बातमी कशी लिहिली असती? डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कूलरचा ट्रे, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेला ड्रम, कुंडीखालची बशी. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. धुराने मरतात ते त्या वेळी उडत असलेले डास. पाण्यातल्या अळ्यांना धुराचं काही वाटत नाही. त्या आपल्या वेळेवर मोठ्या होतात आणि पुढच्या आठवड्यात हजर! शिवाय हा डास चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. फार लांब उडतही नाही, जिथे जन्मतो तिथल्या आसपासच राहतो. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा शेजारच्या वस्तीतून आलेला नव्हता. तो आपलाच, हॉस्टेलचा रहिवासी होता. मेस बिल न भरणारा.

आता पुढचा प्रश्न. आपल्याकडे एवढे ड्रम का? हौस म्हणून कोणी खोलीबाहेर निळा ड्रम ठेवत नाही. नळाला पाणी दिवसातून एकदा, तेही ठरावीक वेळ नसलेलं, म्हणून ठेवतो. म्हणजे पाण्याचं वेळापत्रक, ड्रम, अळी, ताप आणि हुकलेला पेपर ही एकच गोष्ट आहे. पण पेपरात तिच्या चार बातम्या होतात, चार वेगळ्या पानांवर. पाणी राजकारणात, ड्रम कुठेच नाही, ताप आरोग्याच्या चौकटीत आणि धूर फोटोसकट पान तीनवर. चारही बातम्या खऱ्या, पण त्यांना जोडणारी ओळ कोणी लिहीत नाही. आणि ती ओळ नाही म्हणून उपाय म्हणून येतो तो धूर. धुराचा फोटो चांगला येतो. उपडा करून ठेवलेल्या ड्रमचा फोटो कोण छापणार?

सार्वजनिक आरोग्यात यासाठी साधं मोजमाप आहे. शंभर घरं तपासली तर किती घरांत अळ्या सापडल्या, तो झाला हाउस इंडेक्स. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. टॉर्च, वही आणि रविवारची एक सकाळ, एवढ्यावर होतं. खोली हेच घर धरलं तर आपल्या हॉस्टेलचा इंडेक्स तापाच्या त्या महिन्यात किती होता? कोणालाच सांगता येत नाही, कारण कोणी मोजलाच नाही. आणि मोजला नाही म्हणून धुराच्या मशीनने तो कमी झाला की नाही हेही सांगता येत नाही. मोहीम यशस्वी झाली असं मग कोणीही म्हणू शकतं.

यावर कट्ट्यावर दोन आक्षेप येतात. पहिला, "आकड्यांनीसुद्धा फसवता येतं." अगदी बरोबर. हवेच्या निर्देशांकाचं घ्या. आपल्याकडे ५१ ते १०० आला की हवा 'सॅटिसफॅक्टरी', १०१ ते २०० आला की 'मॉडरेट'. शब्द कसे गोड आहेत बघा! आता पीएम २.५ या बारीक कणांची आपली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५. म्हणजे आपल्या मोजपट्टीवर 'समाधानकारक' असलेली हवा त्यांच्या मर्यादेच्या तिप्पट-चौपट वाईट असू शकते. आकडा तोच, कण तेच, फुफ्फुसंही तीच. फक्त लेबल वेगळं, आणि लेबल हा धोरणाचा निर्णय असतो. म्हणूनच माझ्या यादीत 'किती?' नंतर लगेच 'कशाच्या तुलनेत?' आहे. आकड्याने फसवलं तर त्याला उत्तर दुसऱ्या आकड्यानेच देता येतं. आकडे सोडून दिले तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

दुसरा आक्षेप, "आपण इंजिनिअर, आपल्याला काय करायचंय? प्लेसमेंट बघा." हे ऐकलं की मला राज्यघटनेतलं कलम ५१ (क) आठवतं. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली, आणि त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हे एक कर्तव्य आहे. ते फक्त शास्त्रज्ञांसाठी लिहिलेलं नाही. आणि हे कर्तव्य महाराष्ट्रात स्वस्त नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर डॉक्टर होते, कबड्डीपटू होते, 'साधना' साप्ताहिकाचे संपादक होते. आयुष्यभर लोकांना त्यांनी एवढंच शिकवलं की कोणी काही सांगितलं तर पुरावा मागा. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला, पण तो बघायला ते नव्हते. अशा राज्यात राहून आपण गच्चीवरचा एक ड्रम मोजायला कंटाळा करावा, हे मला पटत नाही.

थोडं भाषेबद्दल. माझी शाळा कॉन्व्हेंटची. 'फिफ्टी-नाइन' चटकन कळतं, 'एकोणसाठ' म्हटलं की डोक्यात अर्धा सेकंद लोडिंग होतं. माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. पण त्यामुळे एक गोष्ट मला जास्त स्पष्ट दिसते. आपण भांडतो, हसतो, शिव्या घालतो, मेसच्या मावशींना "आज भाजीत काय?" विचारतो ते मराठीत. आकडे, युनिट आणि ग्राफ मात्र इंग्रजीत. म्हणून मराठीतल्या चर्चेत भावना भरपूर आणि आकडे शून्य, आणि इंग्रजीतल्या रिपोर्टात आकडे भरपूर पण वाचणारे शून्य. वॉचमन काकांच्या मुलाला ताप आला तर त्यांनी कुठलं पीडीएफ उघडायचं? 'दर्पण'च्या पानावर दोन स्तंभ असायचे, एकात मराठी आणि एकात इंग्रजी. जांभेकरांना १८३२ मध्ये जे सुचलं ते आपल्याला एवढ्या फोटोकॉपी मशीन्स असताना जमू नये?

म्हणून माझी सूचना, विद्यार्थ्यांना आणि सर-मॅडमना सुद्धा. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही हॉस्टेलच्या मेसबाहेर एकेक बोर्ड लावू. त्यावर चार आकडे. एक, गच्चीवर ठेवलेल्या पर्जन्यमापकात कालचा पाऊस किती मिलिमीटर. दोन, नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती मिनिटं राहिलं. तीन, दर रविवारी तपासलेल्या खोल्यांपैकी किती खोल्यांत अळ्या मिळाल्या. चार, उत्सवाच्या आणि गॅदरिंगच्या दिवसांत (हो, आपल्या गॅदरिंगच्यासुद्धा!) गेटजवळ रात्री दहानंतर किती डेसिबल. प्रत्येक आकड्याखाली मोजणाऱ्याचं नाव, वेळ आणि पद्धत. मराठी आणि इंग्रजी, शेजारी शेजारी. पर्जन्यमापक सिव्हिलकडे आहे, साउंड लेव्हल मीटर लॅबच्या कपाटात आहे, चावी लॅब असिस्टंट सरांकडे आहे. टॉर्च तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. बजेट लागत नाही, मंजुरीची एक सही लागते. रेक्टर मॅडम, ती तुमची!

एक वर्ष हे केलं तर काय होईल? कदाचित पाणी लगेच वाढणार नाही. पण पाण्यासाठी अर्ज देताना "खूप त्रास होतो" याऐवजी "गेल्या नव्वद दिवसांपैकी इतके दिवस पाणी इतकीच मिनिटं आलं, आणि त्याच आठवड्यांत अळ्यांच्या खोल्या इतक्या वाढल्या" असं लिहिता येईल. 'खूप त्रास' असलेला अर्ज फायलीत ठेवून देता येतो. तारखा आणि मिनिटं असलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं, निदान तो टाळणाऱ्याला थोडा घाम तरी फुटतो. आणि पुढच्या पावसाळ्यात कोणाची आई लातूरहून रात्रीच्या गाडीने धावत येणार नसेल, तर त्या वहीची किंमत वसूल झाली म्हणायचं.

जाता जाता संपादक मंडळाला एक विनंती. पुढच्या अंकात 'विज्ञान विभाग' म्हणून कोपऱ्यातली दोन पानं काढू नका. तिथे आम्ही पुन्हा कृष्णविवरांवर निबंध लिहू आणि कोणी वाचणार नाही. त्यापेक्षा कव्हर उघडल्या उघडल्या, प्राचार्यांच्या मनोगताच्या समोरच्या पानावर, त्या बोर्डावरचे वर्षभराचे आकडे छापा. ग्राफ मी काढून देते. अॅक्सिसवर युनिट लिहूनच!